ओल्या बोटाचा आकडा

तळहातात मावेल एवढं अंग, दोन पेरांएवढा पडदा आणि एकच बटण, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारा एक जुना ग्लुकोमीटर आहे. नाव जिभेला जड वाटत असेल तर सोडून द्या. ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथेही मला या नावाने कुणी हाक मारली नाही. तिथली आत्या मला 'मास्तर' म्हणायची. दिवसातून चार वेळा मी त्या घराला आकडा सांगायचो आणि सगळे निकाल लागल्यासारखी तोंडं करायचे, म्हणून मास्तर. तेव्हा मला ते नाव आवडायचं. आता आठवलं की बरं वाटत नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र, गार खोलीत झाला. लांब टेबलांशी डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका बसलेल्या असायच्या. एकीने माझ्या पोटात बारीक तारा बसवल्या, दुसरीने पडदा लावला, तिसरीने पाठीवर झाकण दाबलं. सगळ्यात शेवटी जी बाई बसायची तिच्याकडे एका छोट्या बाटलीत साखरेचं पाणी होतं. त्यात साखर किती, हे तिला आधीच माहीत असायचं. त्यातला एक थेंब तिने मला पाजला आणि मी काय सांगतो ते पाहिलं. आकडा बरोबर आला. ती शेजारणीला म्हणाली, "हा खरं बोलतो. टाक खोक्यात." मित्रांनो, कौतुकाचं ते पहिलं वाक्य मी फार जपून ठेवलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मुलांच्या दवाखान्यातल्या एका कपाटात पडून होतो. एका सकाळी तिथल्या नर्सताईंनी मला बाहेर काढलं. समोर खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. पाय काटकुळे, ओठ कोरडे, आणि पुढचे दोन दात बाकीच्यांपेक्षा मोठे. त्या दातांमुळे घरात तिला सगळे खारू म्हणायचे, खारूताईतली खारू. शेजारी तिची आई उभी होती. ती घरी कपडे शिवायची. काम टाकून तशीच धावत आली होती, माप घ्यायची टेप अजून गळ्यात लोंबत होती.

"आपण खातो त्यातली साखर रक्तात येते," नर्सताई समजावत होत्या. "ती शरीराच्या कामी लागायला इन्शुलिन लागतं. हिच्या शरीरात ते तयार होणं बंद झालंय. म्हणून ते सुईने द्यायचं. रोज."

"मी हिला जास्त गोड दिलं का हो?" आईने विचारलं.

"नाही. गोड खाऊन हा मधुमेह होत नाही. तुम्ही काही केलेलं नाही आणि हिनेही काही केलेलं नाही."

आईने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नसावा. मग नर्सताईंनी मला तिच्या हातात दिलं आणि शिकवलं. हात धुवायचे, कोरडे करायचे, माझ्या तोंडात कागदाची बारीक पट्टी घालायची, बोटाच्या कडेला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. मी पाच सेकंद मोजणार आणि आकडा सांगणार. सत्तर ते एकशेऐंशीच्या आत असला तर बरं. वर गेला तर सोबत दिलेल्या तक्त्यात बघून थोडं जास्त इन्शुलिन, खाली आला तर लगेच साखर. आईने हे सगळं मापं लिहायच्या वहीत उतरवून घेतलं. '१. हात धुणे. २. पट्टी घालणे.' मधलं कोरडं करणं तिने लिहिलं नाही. हात कोरडे तर सगळेच करतात, त्यात काय लिहायचं, असं तिला वाटलं असेल. मीही तेव्हा त्याचं काही मनावर घेतलं नाही.

घर दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला कापडांचा ढीग, भिंतीला ठोकलेला आरसा. ग्राहक यायचे, मापं द्यायचे, घाई करायचे. मागच्या खोलीत जायच्या बोळात हात धुवायचं बेसिन आणि त्याच्यावरच्या फळीवर मी. खारूचे बाबा लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचे, आठवड्याचे चार-पाच दिवस बाहेर. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, बस डेपोत तिकीट खिडकीवर कामाला. दिवसभर लोकांशी भांडून आल्यावर तिला घरी भांडायला उसंत नसते म्हणून आपलं बरं चाललंय, असं आई म्हणायची. आत्या म्हणायची, "खिडकीच्या या बाजूला बसून बघ एकदा, वहिनी. मग कळेल मी किती गोड आहे ते."

पहिली दोन वर्षं माझी उमेदीची होती. मी शाळेच्या दप्तरात गेलो, ट्रकच्या केबिनमध्ये गेलो, एकदा तर नाटकाच्या पडद्यामागे खारूने शेपटी लावलेली असताना तिचं बोट तपासलं. बाबा कुठूनही फोन करायचे आणि 'कशी आहेस' ऐवजी 'किती?' एवढंच विचारायचे. मला त्यात माझा मोठेपणा वाटायचा. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय, यासारखं सुख नाही.

आईने एक गोष्ट मोठ्या मायेने सुरू केली. तिच्याकडे डब्यात सुट्या बटणांचा साठा होता: लाकडी, शिंपल्याची, पितळी, फुलांच्या आकाराची. आकडा चांगला आला की खारूने एक बटण निवडायचं आणि जाड दोऱ्यात ओवायचं. ती माळ आरशाच्या खिळ्याला टांगलेली असायची. ग्राहक विचारायचे, "हे काय?" आई कात्री चालवता चालवता अभिमानाने सांगायची, "आमच्या हुशार मुलीची बक्षिसं."

वाईट आकड्याला शिक्षा नव्हती. आई रागावायचीही नाही. फक्त तिचा चेहरा उतरायचा. मशीनचं पायडल थांबायचं, ओठ आत दुमडले जायचे आणि ती विचारायची, "काय खाल्लंस गं?" एवढंच. पण मी फळीवरून बघायचो, खारू त्या पायडलचा आवाज थांबायची वाट बघत असायची. माझे पाच सेकंद मोजून व्हायच्या आधीच तिचे खांदे वर गेलेले असायचे.

मित्रांनो, साखर नेहमी खाण्यानेच वाढते असं नाही. सर्दी झाली, परीक्षा आली, अंगाने भराभर उंची घेतली, तरी वाढते. नऊ वर्षांची झाल्यावर खारूचं तसं होऊ लागलं. काही न खाता दोनशेचाळीस, दोनशेसाठ. माळ वाढायची थांबली. आणि आता ती स्वतःचं बोट स्वतः टोचायची. आई मशीनवरून ओरडून विचारायची, "किती?" आणि ती बोळातून उत्तर द्यायची.

एके दिवशी शाळेतून आल्यावर तिने घाईत हात धुतले आणि तसंच ओलं बोट टोचलं. थेंब पसरला, फिकट गुलाबी झाला. पट्टीने तो ओढून घेतला. मला जेवढं दिलं जातं तेवढंच मी मोजू शकतो. रक्तात पाणी मिसळलेलं, म्हणून साखर पातळ. मी म्हणालो, एकशेअडतीस.

"किती?"

"एकशेअडतीस."

पायडल थांबलंच नाही. उलट आई गुणगुणायला लागली. "बघ, म्हटलं नव्हतं, येईल म्हणून? घे बटण. दोन घे आज."

खारू माझ्याकडे बघत राहिली. मग आपल्या ओल्या बोटाकडे. त्याच आठवड्यात वर्गात बाईंनी पाण्यात साखर विरघळवून दाखवली होती. दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असं तिच्या मनाने घेतलं. आता हसू नका. नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं की डॉक्टरांना सापडलं नाही ते औषध आपल्याला नळाखाली सापडलं. दुसऱ्या दिवशी तिने बोट नळाखाली धरलं, मनात वीस मोजले, आणि न पुसता टोचलं. एकशेसव्वीस.

माझा त्यात काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मी कित्येकदा स्वतःला तेच सांगितलं. कधी फारच पाणी आलं तर मी आकडा न देता नुसती चूक झाल्याची खूण दाखवायचो. तेवढीच काय ती माझी तक्रार. ती पट्टी बदलायची आणि पुन्हा टोचायची. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो, की मी मोजतोय ते रक्त नाही, पाणी आहे. कारण माझ्या आकड्यावर कपाटाला चिकटवलेला तक्ता चालायचा. दोनशेसाठ असतील तर इन्शुलिन एवढं, एकशेसव्वीस असतील तर त्याहून कमी. मी कमी सांगत होतो, आई कमी देत होती, आणि साखर आतल्या आत वर वर चालली होती.

वाढलेली साखर शरीर लघवीवाटे बाहेर टाकू बघतं. म्हणून खारूला सारखी तहान लागायची, सारखी शू लागायची. वर्गात तिने तिसऱ्यांदा हात वर केला की बाई म्हणायच्या, "आत्ताच गेली होतीस ना?" मागच्या बाकावरून कुणीतरी तिला 'गळका नळ' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, आणि आतली कडी तुटलेली. मैत्रिणीने दार धरून उभं राहावं लागायचं. रोज रोज कोण उभं राहणार? मग तिने आपल्याच डोक्याने तोडगा काढला. शाळेत पाणीच प्यायचं नाही, आणि लागली तरी घरी येईपर्यंत धरून ठेवायची.

मला हे सगळं दप्तरातून कळायचं. सकाळी भरलेली पाण्याची बाटली माझ्या शेजारी असायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची.

लघवीत साखर उतरलेली असली आणि ती तासन्‌तास कोंडून ठेवली, की जंतूंना आयतं घर मिळतं आणि आयतं जेवण. पंधरा दिवसांत खारू बोळातल्या संडासात जायची ती बराच वेळ बाहेर यायची नाही. दारामागून श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा. थेंब थेंब, आणि जळजळ. दोनदा सकाळी तिची चादर दोरीवर वाळत होती. ती स्वतःच धुऊन टाकायची आणि पाणी सांडलं म्हणून सांगायची.

आत्याच्या लक्षात आलं. "वहिनी, ही दर दहा मिनिटांनी आत जातेय. आणि येताना तोंड कसं करते बघितलंस?"

आई कापड आखत होती. तिने खडू खाली ठेवला आणि ती बोळात आली. मला वाटलं, आता ही मुलीला विचारेल. पण तिने मलाच उचललं, बटण दाबलं आणि माझ्या आत साठलेले आकडे मागे मागे नेत बघितले. एकशेचोवीस. एकशेएकतीस. एकशेअठरा.

"साखर तर उत्तम आहे गं," ती म्हणाली. "साखर वाढली असती तर शूचं मी समजू शकले असते. सवय लागली असेल. नाहीतर थंडी."

"मास्तर म्हणतात तर असेल बाई," आत्या म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मी तिच्या हातात होतो, आणि दोन पावलांवर मुलगी दाराला टेकून उभी होती. आकडा बघावा की मुलगी, हे आईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आकडा स्वच्छ दिसतो. मुलीचं तोंड वाचायला वेळ लागतो, आणि त्या संध्याकाळी तीन शर्ट द्यायचे होते.

चार दिवसांनी दुपारी शाळेतून फोन आला. खारूला वर्गात हुडहुडी भरली होती, ताप चढला होता, पाठीत एका बाजूला दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. आत्या खिडकी बंद करून आली, आई घरून आली, आणि दोघींनी तिला उचलून त्याच दवाखान्यात आणलं. नर्सताई त्याच होत्या. आईने खारूच्या दप्तरातून मला काढून त्यांच्यापुढे धरलं. "बघा, साखर सांभाळलीये मी. सकाळी एकशेसोळा होती. साखरेचं काही नाही. बाकी काय आहे ते बघा."

नर्सताईंनी खारूचा हात धुतला. मग स्वच्छ कापडाने एकेक बोट कोरडं केलं. टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा मला दिला. थेंब गडद आणि घट्ट होता. किती दिवसांनी मी खरं रक्त चाखत होतो. पाच सेकंद मला नको नकोसे झाले.

चारशेअठरा.

"बिघडलंय हे," आई म्हणाली. "जुनं झालंय. तुमचं यंत्र आणा."

त्यांनी आपलं आणलं. चारशेबावीस. मग कपाटातून ती साखरेच्या पाण्याची छोटी बाटली काढून त्यांनी मलाही तपासलं. माझा आकडा बरोबर निघाला. "यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. माझ्यावर ठपका आला असता तर मला चाललं असतं. मी निर्दोष ठरलो, आणि मग सगळ्यांच्या नजरा खारूकडे वळल्या.

नर्सताई खाटेवर तिच्या पायाशी बसल्या. "खारू, तू घरी कशी तपासतेस ते मला दाखवशील? अगदी तश्शीच."

आत्याने तिला धरून बेसिनपर्यंत नेलं. खारूने नळ सोडला, बोट खाली धरलं आणि ओठ हलवत वीस मोजले. मग पाणी गळतंय तसंच बोट पुढे केलं. नर्सताईंनी टोचलं. गुलाबी थेंब. माझ्या पडद्यावर एकशेत्रेसष्ट उमटले. जेमतेम अर्ध्या तासापूर्वी चारशेअठरा होते.

"पाण्यात साखर विरघळते ना?" खारू म्हणाली. तापाने तिचे शब्द जड झाले होते. "आधी मला खरंच वाटलं होतं. मग तहान लागायला लागली, तेव्हा कळलं की नाही विरघळत. पण मग थांबता येईना."

"का गं, बाळा?" आईने विचारलं.

खारूने आईकडे पाहिलं नाही. "तू मशीन थांबवतेस," ती म्हणाली.

आईला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खाली बसली, खुर्ची कुठे आहे हे न बघता, आणि आत्याने पटकन खुर्ची तिच्याखाली सरकवली म्हणून पडली नाही.

डॉक्टर आले. लघवी तपासली, रक्त काढलं, पोटावर गार जेली लावून मूत्रपिंडांचा फोटो घेतला. लघवीचा संसर्ग वर चढत एका मूत्रपिंडापर्यंत पोचला होता आणि ते सुजलं होतं. "वाढलेल्या साखरेने संसर्गाला वाट दिली," ते म्हणाले, "आणि आता संसर्ग साखर वाढवतोय. दोघांना एकदम धरावं लागेल." मग ते खारूकडे वळले. "शू करताना जळजळ कधीपासून होतेय?"

"पंधरा दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आकडा चांगला येत होता ना," ती म्हणाली. "आकडा चांगला असला की मी बरी असते."

डॉक्टरांनी कागदावर 'पंधरा दिवस' असं लिहिलं आणि नर्सताईंना सलाइन लावायला सांगितलं.

सहा दिवस ती तिथे होती. हाताला सलाइन, त्यातून औषध, दर दोन तासांनी बोट. माझी पट्टी मी कधी एवढ्या भीतीने तोंडात धरली नव्हती. तीनशेनव्वद, तीनशेवीस, मग एकदम पंच्याण्णव, मग पुन्हा दोनशेऐंशी. बाबा ट्रक वाटेतच दुसऱ्याच्या हवाली करून आले. त्यांनी आल्या आल्या तोंड उघडलं, 'कि' एवढंच बाहेर पडलं, आणि ते थांबले. मग म्हणाले, "कसं वाटतंय, खारू?" ती म्हणाली, "पाठ दुखते." या दोन वाक्यांत माझं नावही नव्हतं. मी उशाशी पडून ऐकत होतो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सूजही हळूहळू ओसरत होती. पण डॉक्टर म्हणाले, कधी कधी अशा आजाराचा डाग मूत्रपिंडावर राहतो. राहिला की नाही, ते सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढल्यावर कळेल. तोवर साखर जपायची, पाणी भरपूर प्यायचं, शू कोंडून ठेवायची नाही, पुसताना पुढून मागे पुसायचं. आणि पुन्हा जळजळ झाली तर त्याच दिवशी यायचं. "त्याच दिवशी," ते दोनदा म्हणाले. "एकदा आत शिरलेला संसर्ग दुसऱ्यांदा लवकर वर चढतो."

घरी आल्यावर आईने पहिलं काम केलं ते माळ उतरवण्याचं. दोरा कापला, बटणं डब्यात ओतली, त्यातली चार त्याच दिवशी एका ग्राहकाच्या झग्याला लावून टाकली. वहीत 'हात धुणे' याच्या पुढे तिने बारीक अक्षरात 'आणि पुसणे' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेत गेली. तिकीट खिडकीचा सगळा सराव तिने मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत वापरला असावा, कारण येताना ती म्हणाली, "कडी आजच्या आज बसतेय. आणि खारूने विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं. वर्गातल्या बाईंनीच वर्गाला सांगितलं."

"भांडलीस का?" आईने विचारलं.

"नाही गं. सुट्टे मागितल्यासारखं मागितलं."

सगळ्यात अवघड होतं ते आईचं तोंड. तिने ठरवलं होतं की आकडा कितीही आला तरी मशीन थांबवायचं नाही. पहिल्या संध्याकाळी खारूने कोरडं बोट टोचलं आणि बोळातून सांगितलं, "दोनशेशहाण्णव." पायडल चालू राहिलं, पण आईची शिवण वाकडी गेली, ओठ आपोआप दुमडले.

"वहिनी, चेहरा," आत्या म्हणाली.

"काय करू मग? रंग लावू?"

"निदान शेणात पाय पडल्यासारखा तरी करू नकोस."

खारू हसली. कितीतरी दिवसांनी. आईने सुई वर केली, वाकडी शिवण उसवली आणि म्हणाली, "बरं. दोनशेशहाण्णव. कळलं ते बरं झालं. तक्ता बघून सांग किती द्यायचं." तिला ते रोज जमायचं असं नाही. काही दिवस चेहरा पडायचा तो पडायचाच. मग ती स्वतःच सांगायची, "मी घाबरलेय, तुझ्यावर चिडलेली नाही." मला वाटतं, खारूला तेवढं पुरायचं.

पुढे दंडाला चिकटवायचं एक नवं यंत्र घरात आलं. ते न टोचता, न विचारता दिवसभर साखर सांगत राहतं. मी फळीवरून मशीनच्या खणात गेलो, खडू, रिळं आणि मोडक्या सुयांच्या संगतीत. नव्यावर शंका आली तरच मला बाहेर काढतात. माझ्या पडद्याचा एक कोपरा पुसट झालाय. आठ आहे की सहा, हे डोळे बारीक करून बघावं लागतं. कुणी मला विसरलं म्हणून मी रडत नाही. घरातलं माझं वजन कमी झालं, ते एका अर्थी बरंच झालं.

पण एक दुपार तुम्हाला सांगायला हवी. सहा महिने अजून व्हायचे होते. एक बाई लांब कोट घालून आरशापुढे उभ्या होत्या, आणि आई खाली बसून त्याचा घेर टाचत होती. तोंडात टाचण्यांची रांग. बाईंना त्याच संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं. नव्या यंत्राने सकाळपासून शंका आणली होती म्हणून खारूने मला काढून बोट तपासलं होतं. धुतलेलं, कोरडं बोट, गडद थेंब. एकशेबेचाळीस. खरेखुरे, एकही थेंब पाणी नसलेले एकशेबेचाळीस.

खारू मला हातात घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. आत गेली. बाहेर आली. पुन्हा उभी राहिली. तिचे खांदे वर गेले होते. मला तो आकार ओळखीचा होता.

"आई," ती म्हणाली. "आकडा चांगला आहे. पण जळजळतंय."

"माझं एवढं होऊ द्या हं आधी," आरशातल्या बाई म्हणाल्या. "एकच बाजू राहिलीये."

आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या उशीत खोचल्या. तिला घाई दिसत नव्हती. "तुमचा कोट उद्या सकाळी घरी आणून देते," ती म्हणाली. "आत्ता मला हिला घेऊन जायचंय." मग ती खारूसमोर गुडघ्यांवर बसली. मी खारूच्या हातात होतो, पडदा वर, आकडा अजून दिसत होता. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. "कुठे जळतंय? सकाळपासून की आत्ताच? पाठ दुखते का?" ती विचारत होती, आणि खारू एकेकाचं उत्तर देत होती.

तेव्हा संसर्ग खालीच होता. ताप यायच्या आत औषध मिळालं आणि आठवड्यात ती बरी झाली. पुढे सहा महिन्यांनी फोटो निघाला तो मी पाहिलेला नाही. मी खणात होतो. मूत्रपिंडावर एक छोटासा डाग राहिलाय, एवढं मला आई आत्याला सांगताना ऐकू आलं. जपायचं, एवढंच.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखं यंत्र असेल तर त्याला खरं रक्त द्या, बोट धुऊन आणि पुसून. मी मोठा आकडा सांगितला तर तो तुमचा अपमान नसतो. पण माझ्यावर फार विसंबूही नका. मला एवढीशी साखर मोजता येते. तहान, जळजळ, पाठीतली कळ, कडी नसलेल्या दाराची भीती, यातलं काहीच माझ्या पट्टीला लागत नाही. ते मोजणारं यंत्र कुणी केलेलं नाही. ते तुम्हाला तोंडाने सांगावं लागतं, आकडा चांगला असला तरी. आणि मोठ्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल, तर मूल बोळाच्या तोंडाशी उभं राहिलेलं दिसलं की टाचण्या काढून ठेवा. कोट उद्याही शिवता येतो.